मैदानाच्या कडेला उभं राहायचंय? खेळाडूंचे ट्रेनर-फिजिओ होऊ पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे निकाल लागले की नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या क्लिनिकमध्ये पेशंटच्या खुर्च्यांवर आई-वडील येऊन बसू लागतात. सोबत मुलगा किंवा मुलगी, हातात मार्कशीटची झेरॉक्स. "मॅडम, माहा पोरगा दिवसभर ग्राउंडवरच राहते. खेळात पुढे जाईल असं दिसत नाही, पण खेळाडूंसोबतच राहायचं म्हणते. याच्यासाठी काही कोर्स आहे काय?" बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षातले विद्यार्थी येतात त्यांचा प्रश्न वेगळा असतो: अमेरिकेत जाऊन ॲथलेटिक ट्रेनिंगचं मास्टर्स करू, की इथेच एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीचं मास्टर्स?

मी स्पोर्ट्स फिजिओथेरपीत एमपीटीएच केलं. बारा वर्षांपासून शाळा-कॉलेजांच्या आणि क्लबांच्या संघांसोबत मैदानावर जाते, इंटर्न मुलामुलींना बरोबर नेते. जे रोज तोंडी सांगते तेच इथे लिहून ठेवलं आहे.

ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममधला ट्रेनर ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात आधी दूर व्हायला हवा. जिममधला ट्रेनर तुमच्याकडून व्यायाम करून घेतो. ॲथलेटिक ट्रेनर हा आरोग्यसेवेतला माणूस आहे. दुखापत होऊ नये म्हणून आधी काय करायचं, झाली तर जागेवर ती ओळखायची कशी, जीव धोक्यात असेल तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, नंतर खेळाडूला परत उभं कसं करायचं आणि या सगळ्याची नोंद कशी ठेवायची, एवढं सगळं त्याच्याकडे असतं. अमेरिकेत या लोकांची राष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली आणि १९९० मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनेने या कामाला आरोग्यसेवेतला स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता दिली. तिथे शाळेच्या फुटबॉल मैदानापासून सैन्याच्या प्रशिक्षण केंद्रापर्यंत हे लोक दिसतात.

आपल्याकडे मात्र 'ट्रेनर' म्हटलं की स्ट्रेंग्थ-कंडिशनिंगवाला, म्हणजे ताकदीचा व्यायाम करून घेणारा, समजतात आणि दुखापत बघणाऱ्याला 'फिजिओ' म्हणतात. त्यामुळे नावात अडकू नका. नोकरीची जाहिरात वाचताना पदाच्या नावाआधी खालचं काम काय लिहिलंय ते वाचा.

मग फिजिओथेरपिस्टपेक्षा हा वेगळा कसा?

फिजिओथेरपिस्टकडे बहुतेक वेळा दुखापत झाल्यावर पेशंट येतो. ॲथलेटिक ट्रेनर दुखापत होत असताना तिथे असतो. पाय कसा पडला, गुडघा आत वळला का, मुलगा पडल्यावर लगेच उठला की डोकं धरून बसून राहिला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. निदानाचं अर्धं काम त्या तीन सेकंदांत होतं.

एक उदाहरण. कबड्डीत चढाईला गेलेल्या मुलीचा गुडघा वळला आणि 'टक्' असा आवाज आला. पहिल्या काही मिनिटांत, सूज आणि स्नायूंचा ताठरपणा यायच्या आत, गुडघा वीस-तीस अंश वाकवून लॅकमन चाचणी केली तर गुडघ्यातला पुढचा लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा पट्टा) तुटला आहे का याचा बऱ्यापैकी अंदाज हाताला येतो. हीच मुलगी दोन दिवसांनी क्लिनिकमध्ये आली की गुडघा फुग्यासारखा असतो, दुखण्याने मांडीचे स्नायू सोडतच नाहीत, आणि तीच चाचणी करून काही कळत नाही. म्हणून मैदानाच्या कडेला शिकलेल्या हातांची गरज आहे.

भारतात हे काम कायद्याने आणि व्यवहाराने फिजिओथेरपिस्टच करतो. 'ॲथलेटिक ट्रेनर' म्हणून वेगळी नोंदणी आपल्याकडे नाही.

नागपुरात राहून हा रस्ता कसा धरायचा?

बारावी सायन्स, बायोलॉजीसह. नीट द्यावी लागते. महाराष्ट्रात बीपीटीएचचे प्रवेश नीटच्या गुणांवर राज्य सीईटी कक्षामार्फत होतात. पदवी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे नाशिकची. आत्तापर्यंत ती चार वर्षं आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप अशी होती. फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात ती पाच वर्षांची झाली आहे. तुमच्या बॅचला कोणता अभ्यासक्रम लागू आहे ते प्रवेश घेतानाच कॉलेजकडून लेखी समजून घ्या. नागपुरात मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, फिजिओथेरपीचं शिक्षण आहे, हिंगणा रोडला डिगडोहलाही कॉलेज आहे, आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघेलाही आहे.

पदवीनंतर राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेत नोंदणी करायची. ही नोंदणी झाल्याशिवाय कोणाच्या घोट्याला हात लावू नका, मग तो शेजारचा असला तरी.

त्यानंतर दोन वर्षांचं एमपीटीएच. यात विषय निवडावा लागतो. प्रत्येक कॉलेजात स्पोर्ट्सची शाखा नसते, त्यामुळे काही जण मस्क्युलोस्केलेटल (हाडं-सांधे-स्नायूंची शाखा) घेतात आणि मैदानावरचा अनुभव बाहेरून जोडतात. तोही चांगला रस्ता आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठात स्पोर्ट्स मेडिसिन आणि फिजिओथेरपीची स्वतंत्र विद्याशाखा आहे, आणि चेन्नईच्या श्री रामचंद्रमध्ये क्रीडाविज्ञानाचं मोठं केंद्र आहे.

कॉलेज निवडताना पालक इमारत बघतात, होस्टेल बघतात. मी एकच प्रश्न विचारायला सांगते: "तुमचे विद्यार्थी वर्षात किती दिवस मैदानावर असतात, आणि त्या वेळी त्यांच्या शेजारी कोण उभं असतं?" पहिल्या अर्ध्याचं उत्तर सगळे देतात. दुसऱ्या अर्ध्याला थांबतात.

अमेरिकेत जाऊन ॲथलेटिक ट्रेनर व्हायचं असेल तर?

तिथे आता पदवीच्या पातळीवर हे शिक्षण मिळत नाही. २०१५ साली त्या व्यवसायातल्या संस्थांनी ठरवलं की या कामात येण्यासाठीची पदवी मास्टर्सचीच असेल. २०२२ नंतर पदवी अभ्यासक्रमांना या व्यवसायासाठी नवे विद्यार्थी घेता आलेले नाहीत. त्यामुळे जुन्या वेबसाइटवर चार वर्षांचा बॅचलर्स दिसला तर तो मागचा काळ समजा.

रस्ता असा आहे. कोणतीही पदवी, पण त्यात कॉलेज पातळीवर बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, सायकॉलॉजी, ॲनाटॉमी आणि फिजिओलॉजी शिकलेलं असायला हवं. मग 'सीएएटीई' या संस्थेची मान्यता असलेला मास्टर्स, साधारण दोन वर्षांचा. मग 'बीओसी' या तिथल्या प्रमाणपत्र मंडळाची परीक्षा: १७५ प्रश्न, चार तास. ती पास झाली की नावापुढे 'एटीसी', म्हणजे प्रमाणित ॲथलेटिक ट्रेनर, असं लागतं. त्यावर जवळजवळ प्रत्येक राज्यात वेगळा परवाना काढावा लागतो, आणि दर दोन वर्षांनी ५० तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं.

बीपीटीएच झालेल्यांना इथे एक खड्डा लागतो, आणि तो कोणी आधी सांगत नाही. ॲनाटॉमी-फिजिओलॉजी तुमच्याकडे भरपूर असते, सायकॉलॉजीही असते, पण केमिस्ट्री आणि फिजिक्स बारावीतच सुटलेलं असतं. बारावीची मार्कशीट कॉलेजच्या क्रेडिटच्या जागी चालेलच असं नाही. माझ्याकडे इंटर्नशिप केलेल्या एका मुलीला ऑफर आल्यावर हे कळलं आणि दोन विषय पूर्ण करण्यात तिचं एक सत्र गेलं. अर्ज करण्याआधी त्या विद्यापीठाला ईमेल करून तुमच्या विषयांची यादी पाठवा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरी गोष्ट घरच्यांसमोर स्पष्ट बोला. एटीसी झालात म्हणून भारतात फिजिओथेरपिस्ट ठरत नाही, आणि इथला फिजिओथेरपिस्ट तिथे जाऊन आपोआप ॲथलेटिक ट्रेनर होत नाही. दोन देश, दोन परवाने. परत यायचंच असेल तर आधी बीपीटीएच पूर्ण करा, परिषदेची नोंदणी घ्या आणि मग जा. बारावीनंतर थेट तिकडे पाठवायच्या गोष्टी करणाऱ्या एजंटांना हा फरक विचारून बघा.

अमेरिकेत क्लिनिकल ट्रेनिंगवर, म्हणजे प्रत्यक्ष खेळाडू-पेशंटसोबतच्या प्रशिक्षणावर, एवढा भर का असतो?

कारण जुन्या पद्धतीतून ते शिकले. पूर्वी तिथे नुसती मैदानावर उमेदवारी करूनही परीक्षेला बसता यायचं. २००४ साली तो रस्ता बंद झाला. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि त्याच्याशी घट्ट जोडलेलं प्रशिक्षण, हीच एक वाट राहिली.

सध्याच्या नियमांत मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे सलग चार आठवड्यांचं पूर्णवेळ प्रशिक्षण. विद्यार्थी त्या काळात त्या जागेचाच होऊन जातो. सकाळी टेपिंग (सांध्यांना आधाराच्या पट्ट्या), दुपारी रिहॅब (दुखापतीनंतर पुन्हा उभं करण्याचे व्यायाम), संध्याकाळी सराव, रात्री नोंदी. मंगळवारी पडलेला खेळाडू शनिवारी मैदानात परत येताना त्याला दिसतो. आपल्याकडे इंटर्न दर काही आठवड्यांनी विभाग बदलतो. ज्याचा गुडघा त्याने पहिल्या दिवशी तपासला, त्याचं पुढे काय झालं हे त्याला कधी कळतच नाही. माझ्या मते आपल्या प्रशिक्षणातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे.

दुसरा नियम म्हणजे वेगवेगळी माणसं बघायची. लहान मुलं, म्हातारी माणसं, स्त्री-पुरुष, कमी-जास्त हालचाल करणारे, आणि खेळाबाहेरचे लोकही: सैन्यातले, कारखान्यातले, नाचणारे-वाजवणारे. हे नागपूरला सहज जमण्यासारखं आहे. बुटीबोरी-हिंगण्याच्या एमआयडीसीत दिवसभर वजन उचलणाऱ्याची पाठ, आणि गणपतीत कमरेला ढोल बांधून चार-चार तास वाजवणाऱ्या मुलीचा खांदा, या दोन्हींत खेळाडूच्या दुखापतीइतकंच शिकायला आहे.

प्रीसेप्टर म्हणजे कोण? सरांच्या हाताखाली राहणं, तेच ना?

साधारण तेच, पण जबाबदारी जास्त. प्रीसेप्टर स्वतः परवानाधारक असतो, विद्यार्थ्याच्या कामावर प्रत्यक्ष नजर ठेवतो, आणि विद्यार्थी चुकायच्या आत हस्तक्षेप करू शकेल इतक्या जवळ असतो. 'मी क्लिनिकमध्ये आहे, मॅचला तू जा, काही झालं तर फोन कर' याला पर्यवेक्षण म्हणत नाहीत. दुर्दैवाने आपल्याकडे इंटर्नला एकट्याला बॅग देऊन पाठवण्याची सवय आहे. आयोजकांना फुकट फिजिओ मिळतो, मुलाला टी-शर्ट मिळतो आणि खेळाडूला काय मिळतं ते नशिबावर. इंटर्न असाल आणि कोणी असं एकटं पाठवत असेल तर नाही म्हणा.

चांगला प्रीसेप्टर कसा असतो ते घोट्यावरून सांगते. घोटा मुरगळला की आपल्याकडे एकतर हळद-चुना लावून पट्टी बांधतात नाहीतर थेट एक्स-रेला पळतात. माझ्या मॅडमनी मला पहिल्या दिवशी खेळाडूच्या पायाशी बसवलं. म्हणाल्या, बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कडा, टोकापासून वर सहा सेंटीमीटर, दाब. दुखतं? आता आतल्या घोट्याची तीच जागा. आता पायाच्या बाहेरच्या काठावर, करंगळीच्या सरळ रेषेत मागे जे हाड वर येतं, तिथे. आता पायाच्या कमानीवरचं नॅव्हिक्युलर हाड. आता त्याला उभं कर, चार पावलं चालव. लंगडला तरी चालेल. लागल्यावर लगेच चालता आलं होतं का, तेही विचार. या जागा दुखत नसतील आणि चार पावलं टाकता येत असतील तर एक्स-रेची गरज बहुधा नाही. हे कॅनडातल्या ओटावाचे नियम, १९९२ पासून जगभर वापरले जातात.

पुस्तकात ते अर्ध्या पानाचे आहेत. पण बोट नेमकं कुठे ठेवायचं आणि किती दाबायचं हे मला त्या दिवशी कळलं, कारण मॅडमनी स्वतःचं बोट माझ्या बोटावर ठेवून दाबलं होतं.

नागपुरात मैदानावरचा अनुभव कुठे मिळेल?

मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात वर्षभर काही ना काही चालू असतं. हिवाळ्यात खासदार क्रीडा महोत्सव असतो, शाळांचे मेळावे असतात, वस्त्या-वस्त्यांतून रात्रीच्या कबड्डी स्पर्धा असतात. खो-खोच्या मैदानांवर पहाटे सराव सुरू होतो. यातल्या प्रत्येक ठिकाणी एखादा अनुभवी फिजिओ शोधा आणि त्याच्यासोबत जायची परवानगी मागा.

क्रिकेटमध्येच जायचंय असं म्हणणारे खूप भेटतात, आणि ते समजण्यासारखं आहे. विदर्भाने तीनदा रणजी करंडक जिंकला, शेवटचा २०२४-२५ चा तर जामठ्याच्या मैदानावरच. पण मोठ्या संघांत जागा मोजक्या असतात. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये तिरंदाजीत तीन सुवर्णपदकं घेऊन आला. धनुष्य ओढणाऱ्याचा खांदा, बॅडमिंटनवाल्याचा घोटा, खो-खोतल्या मुलींचे गुडघे, या खेळांना तुमची जास्त गरज आहे आणि तिथे तुम्ही लवकर शिकाल.

नागपूरच्या उन्हाबद्दल वेगळं शिकावं लागतं का?

हो. नागपुरात काम करायचं असेल तर हे घोट्या-गुडघ्याच्याही आधी शिका. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि निवड चाचण्या मात्र एप्रिलमध्ये ठेवलेल्या असतात.

मी इंटर्न असतानाची गोष्ट. एप्रिल, सकाळचे साडेनऊ. लांब पल्ल्याच्या धावण्याची निवड चाचणी होती. सोळा वर्षांचा एक मुलगा शेवटच्या वळणावर डुलायला लागला. मी पळत गेले. त्याने माझ्याकडे पाहून 'मावशी' म्हटलं, मग मला आई समजून बोलायला लागला, मग चिडला, हात झटकला आणि खाली बसला. अंगाला घाम होता, म्हणून सगळे म्हणाले उष्माघात नाही, नुसती भोवळ आहे. झाडाखाली नेलं. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी दुपट्ट्याने वारा घातला. मग ऑटो आला. दवाखान्यात पोहोचून थंड करायला सुरुवात होईपर्यंत पाऊण तास गेला होता. मुलगा वाचला, पण बरेच दिवस आयसीयूत होता, आणि त्याच्या वडिलांचा चेहरा मी विसरलेले नाही. शरीराच्या तापमानावरच्या धड्यात मला परीक्षेत चांगले मार्क होते. त्या सकाळी माझ्या बॅगेत थर्मामीटरही नव्हता.

तेव्हा माहीत नव्हतं ते आता प्रत्येक इंटर्नला पाठ करायला लावते. पळता पळता बरळणं, चिडणं, तोल जाणं ही धोक्याची खूण आहे. श्रमाच्या उष्माघातात घाम येत असू शकतो. अंग कोरडं पडायची वाट पाहू नका. शरीराच्या आतलं तापमान ४०.५ अंश सेल्सियसच्या आसपास किंवा वर आणि सोबत मेंदूवर परिणाम, म्हणजे उष्माघात. काखेतलं किंवा कपाळावरचं तापमान यात फसवतं. गुदद्वारातलं मोजमापच खरं. हे शिकवताना मुलं लाजतात, पण शिकावंच लागतं, आणि आडोसा कसा करायचा, खेळाडूचा मान कसा राखायचा हेही त्यातच येतं.

आणि मुख्य नियम: आधी थंड करा, मग हलवा. १०८ ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत थांबू नका. बर्फाच्या पाण्याने भरलेला मोठा टब सगळ्यात उत्तम. मानेपर्यंत बुडवायचं, डोकं धरून ठेवायचं, पाणी ढवळत राहायचं. साधारण अर्ध्या तासाच्या आत तापमान ३९ अंशांखाली आणायचं आणि मग दवाखाना.

टब नसेल तर ताडपत्री. तीन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आम्हाला ती वापरावी लागली. मंडपवाल्याची ताडपत्री जमिनीवर पसरली, मुलाला तिच्यात ठेवलं, सहा जणांनी कडा उचलून झोळी केली. गेटवरच्या रसवंतीवाल्या काकांनी बर्फाची लादी फोडून दिली, टँकरचं पाणी होतंच. झोळी हळूहळू हलवत राहिलो. बाराव्या मिनिटाला मुलाने विचारलं, "माझे बूट कुठे आहेत?" ॲम्ब्युलन्स त्यानंतर आली. त्या दिवशी सोबत असलेला इंटर्न आज दुसऱ्या जिल्ह्यात काम करतो आणि प्रत्येक स्पर्धेआधी रसवंती किंवा बर्फवाला कुठे आहे ते शोधून ठेवतो.

याला कागदावर 'आपत्कालीन कृती आराखडा' म्हणतात. बर्फ कुठे, एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) कुठे, ॲम्ब्युलन्स कोणत्या गेटने येणार, त्या गेटची किल्ली कोणाकडे, फोन कोण करणार. स्पर्धेच्या आधी लिहून आयोजकांच्या हातात द्या.

डोक्याला मार लागला तर खेळाडूला परत पाठवायचं की नाही?

शंका जरी आली तरी त्या दिवशी नाही. यात तडजोड नाही. बेशुद्ध पडला तरच मेंदूला धक्का, हे चूक आहे; बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. तपासणीसाठी 'स्कॅट ६' हे साधन आहे, तेरा वर्षांवरच्यांसाठी. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी वेगळं आहे. नीट करायचं तर दहा-पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे चालू सामन्यात टाळीभर वेळात ते उरकता येत नाही. एक-दोन दिवस बेताची विश्रांती, मग सहा टप्प्यांनी परतायचं. प्रत्येक टप्प्याला निदान चोवीस तास, आणि पूर्ण संपर्काच्या सरावाआधी डॉक्टरांची लेखी परवानगी.

कोच ओरडतील. पालकही ओरडतात, "फायनल आहे मॅडम!" तेव्हा आवाज न चढवता 'नाही' म्हणता येणं हाही क्लिनिकल ट्रेनिंगचा भाग आहे, आणि तो कोणत्याही परीक्षेत विचारत नाहीत.

रिहॅब शिकताना सगळ्यात अवघड काय?

खेळाडूला थांबवणं. गुडघ्यातल्या पुढच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर पाचव्या महिन्यात दुखणं गेलेलं असतं, सूज नसते, मुलगा पळत असतो. त्याला वाटतं झालं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं तितकं प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याच्या नव्या दुखापतीचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलं. हा आकडा मी माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला आहे आणि प्रत्येक कबड्डीपटूला दाखवते.

बीपीएड किंवा एमपीएड झालंय. चालेल का?

कोच, क्रीडाशिक्षक, फिटनेस ट्रेनर म्हणून उत्तम. निदान आणि उपचार करण्यासाठी नाही. त्यासाठी फिजिओथेरपीची पदवी लागते. मात्र शाळेच्या मैदानावर पहिला माणूस क्रीडाशिक्षकच असतो. म्हणून प्रत्येक पीटी शिक्षकाने सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, शिकून घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटीमीटर खोल.

दोन दिवसांचे टेपिंग, ड्राय नीडलिंगचे (स्नायूत बारीक सुई टोचण्याचे) कोर्स करावेत का?

बीपीटीएचनंतर, एखादा करा. आधी नको. रंगीत टेप लावता येणं सोपं आहे. कोणाला टेपची गरज नाही हे ओळखायला वर्षं लागतात. मुलं पंधरा सर्टिफिकेटं फ्रेम करून येतात आणि त्यांना मणक्याची दुखापत असलेल्या खेळाडूला स्ट्रेचरवर कसं घ्यायचं ते माहीत नसतं. पैसे खर्च करायचेच असतील तर बीएलएस (जीव वाचवायच्या प्राथमिक उपायांचा कोर्स) करा आणि ते मुदतीत नूतनीकरण करत राहा.

डोपिंगचा आपल्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. खेळाडू डॉक्टरांच्या आधी तुम्हाला विचारतो, "ताई, ही पावडर घेऊ का?" शरीरात बंदी असलेला पदार्थ सापडला की तो कसा आला याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते, 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका होत नाही. आपल्याकडे २०२२ पासून राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा आहे. सर्दीच्या गोळ्यांतसुद्धा अडचणीचे पदार्थ असू शकतात. खात्री नसेल तर 'घे' म्हणू नका, आणि आजारासाठी औषध लागतच असेल तर आधी रीतसर सवलतीचा अर्ज करायला लावा.

मुलगी आहे. संघासोबत गावोगाव फिरणं जमेल का?

हा प्रश्न बाबा विचारतात आणि मुलगी खाली बघते, म्हणून बाबांनाच उत्तर देते. जमतं. मी केलं. अडचणी खऱ्या आहेत: रात्रीचा प्रवास, मुक्कामाची गैरसोय, 'मॅडम काय टेपिंग करणार' असं बघणारे कोच. पण मुलींच्या संघांना बाई फिजिओ हवीच आहे. पाळी चुकते आहे, पुन्हा पुन्हा नळीच्या हाडाला चीर जाते आहे, जेवण कमी पडतं आहे, या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि पंधरा वर्षांची मुलगी ते पुरुष कोचला सांगत नाही. माझ्याकडे आलेल्या किती तरी मुलींनी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत दार लावून घेतल्यावर सांगितलं. तुमची मुलगी हे ऐकणारी व्हायला निघाली असेल तर तिला अडवू नका. मुक्कामाची सोय आणि सोबत कोण आहे हे मात्र आयोजकांना खुशाल विचारा, तो तुमचा हक्क आहे.

नोकरी आणि पैसा?

पहिली दोन-तीन वर्षं तंगी असते, हे लपवणार नाही. नागपुरात नुसत्या मैदानाच्या कामावर घर चालवणारे थोडे आहेत. बहुतेक जण सकाळ-संध्याकाळ क्लिनिक करतात आणि हंगामात संघ सांभाळतात. क्रीडा अकादमी, भारतीय क्रीडा प्राधिकरणाची केंद्रं, राज्य संघटनांचे संघ, व्यावसायिक लीग, मोठी ऑर्थोपेडिक हॉस्पिटलं, अशा जागा निघतात. त्या बऱ्याचदा कंत्राटी असतात आणि नागपूर सोडायची तयारी लागते. शैक्षणिक कर्ज काढून परदेशी जायचं असेल तर परतफेडीचा हिशेब इथल्या पगारावर मांडून बघा, तिथल्या नाही.

मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजी अडेल का?

पहिलं वर्ष अडेल, ॲनाटॉमीची नावं डोक्यावरून जातील, मग सवय होते. उलट मैदानावर तुमची भाषा कामाला येते. काटोलच्या मुलाला 'चमक भरली' म्हणायचं आहे की 'मोच आली', 'मुंग्या येऊन राहिल्या' की 'बधिर झालं', हा फरक ज्याला कळतो तो अर्धी तपासणी बोलण्यातच करतो.

मी आत्ता बारावीत आहे. आजपासून काय करू?

नीटचा अभ्यास. आणि रविवारी सकाळी जवळच्या मैदानावर जाऊन कडेला बसा. एक वही ठेवा. कोण पडलं, कसं पडलं, सगळ्यात आधी कोणी काय केलं, किती वेळाने ते परत खेळलं किंवा खेळलं नाही, एवढंच लिहा. उपचार करायला जाऊ नका. दोन महिने हे केल्यावरही जावंसं वाटत असेल तर ती वही घेऊन मला भेटायला या. शनिवारी आम्ही मैदानावर असतो. वॉर्म-अप साडेसहाला सुरू होतो. सहाला पोहोचा, बर्फाचे डबे उचलायला एक माणूस नेहमीच कमी असतो.